ऑनलाइन वायदे आणि चलन-व्यवहार : इस्लामी अर्थविचाराचे निकष

एकेकाळी सोने, कापूस, एरंडी यांचे वायदे बाजारपेठेतील मोजक्या पेढ्यांपुरते आणि विदेशी चलनाचे सौदे बँकांच्या कोषागार विभागापुरते मर्यादित होते. 2003 साली मुंबईत मल्टी कमोडिटी एक्स्चेंज आणि नॅशनल कमोडिटी अँड डेरिव्हेटिव्हज एक्स्चेंज हे दोन राष्ट्रीय वस्तुबाजार सुरू झाले. 2008 साली नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर डॉलर-रुपयाचे वायदे आले. पुढे भ्रमणध्वनीमुळे हा सारा बाजार सामान्य माणसाच्या हाती येऊन पोहोचला. त्याच पडद्यावर आता आणखी एक जाहिरात झळकू लागली आहे : 'इस्लामिक खाते, व्याजमुक्त चलन-व्यवहार, शंभर टक्के हलाल'.

अशी जाहिरात पाहून पैसे पाठविण्यासाठी एखादा ग्राहक शाखेत येतो, तेव्हा त्याच्या मनात वस्तुतः दोन प्रश्न असतात. हा व्यवहार आपल्या धर्माला मान्य आहे काय, आणि हा व्यवहार देशाच्या कायद्याला मान्य आहे काय? जाहिरातदार पहिल्या प्रश्नाचे घाईने होकारार्थी उत्तर देतो आणि दुसऱ्याबाबत मौन बाळगतो. ग्राहकाची पुंजी आणि त्याचे मनःस्वास्थ्य ही दोन्ही येथे पणाला लागलेली असतात. म्हणूनच या व्यवहारांकडे इस्लामी अर्थविचार कोणत्या निकषांनी पाहतो, हे बँकेच्या ग्राहकांनी आणि कर्मचाऱ्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

व्यापार मान्य, तीन गोष्टी वर्ज्य

इस्लाम व्यापाराच्या विरोधात आहे, असा एक गैरसमज आढळतो. प्रत्यक्षात मक्का हे व्यापारी तांड्यांचे नगर होते आणि प्रेषित मुहम्मद यांनी स्वतः तरुणपणी व्यापार केला होता. नफा मिळविणे इस्लामी विचारात दोषास्पद नाही. नफा कोणत्या मार्गाने मिळतो, याचा विचार मात्र तेथे फार बारकाईने केला जातो. या विचारात तीन संज्ञा पुनःपुन्हा येतात.

पहिली 'रिबा'. कर्जाऊ दिलेल्या रकमेवर केवळ मुदतीपोटी घेतलेली वाढ, म्हणजेच स्थूलमानाने व्याज. समान जातीच्या वस्तूंच्या अदलाबदलीत कमी-अधिक देणे-घेणे, हाही रिबाचाच एक प्रकार मानला जातो.

दुसरी 'घरर'. सौद्याच्या मुळाशी असलेली अवाजवी अनिश्चितता. पाण्यातील न पकडलेली मासळी किंवा आकाशात उडणारा पक्षी विकणे, ही त्याची परंपरागत उदाहरणे होत. वस्तू हाती येईल की नाही हेच ठाऊक नसताना तिची किंमत ठरविणे विक्रेता व खरेदीदार या दोघांनाही अन्यायकारक ठरू शकते, हा त्यामागील विचार.

तिसरी 'मैसिर', म्हणजे जुगार. एकाचा लाभ हा सर्वस्वी दुसऱ्याच्या हानीतून आणि केवळ योगायोगावर उभा राहत असेल, तर असा व्यवहार त्याज्य मानला जातो. जमिनीच्या, मालाच्या अथवा धंद्याच्या मालकीबरोबर येणारी जोखीम मात्र येथे निषिद्ध नाही. उलट, जोखीम न पत्करता केवळ लाभावर हक्क सांगणे हेच आक्षेपार्ह मानले जाते.

चलनाची अदलाबदल : 'सर्फ'चे नियम

चलनाच्या खरेदी-विक्रीस फिकहच्या ग्रंथांत, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रात, 'सर्फ' असे नाव आहे. त्याचे नियम एका प्रसिद्ध हदीसवर आधारलेले आहेत. त्या हदीसमध्ये सोने, चांदी, गहू, जव, खजूर आणि मीठ या सहा वस्तूंचा उल्लेख येतो. यांपैकी एकाच जातीच्या वस्तूची अदलाबदल करावयाची असेल, तर ती समप्रमाणात आणि हातोहात असावी. जाती भिन्न असतील, उदाहरणार्थ सोने देऊन चांदी घेतली, तर दर मनास येईल तो ठरवावा, परंतु देवघेव तेथल्या तेथे पूर्ण व्हावी, असा त्याचा आशय आहे.

आजचा रुपया वा डॉलर सोन्याचा नाही, कागदाचा आहे. मग त्यास हे नियम लागू होतात काय? इस्लामी सहकार्य संघटनेशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिकह अकादमीने 1986 साली अम्मान येथील अधिवेशनात याचे उत्तर दिले. कागदी चलन हे स्वतंत्र चलनच असून सोन्या-चांदीस लागू असणारे रिबाविषयक नियम त्यासही लागू आहेत, असा तो निर्णय होता. त्यामुळे शंभर रुपये देऊन मुदतीनंतर एकशे दहा रुपये घेणे हे रिबा ठरते. रुपये देऊन बाजारभावाने डॉलर घेणे मात्र वैध आहे. अट एकच : दोन्ही बाजूंची देवघेव उधारीवर राहू नये.

'हातोहात' या शब्दाचा अर्थ संगणकाच्या युगात कसा लावावयाचा, हा पुढचा प्रश्न. त्याच अकादमीने 1990 साली जिद्दा येथे ताब्याविषयी, म्हणजे 'कब्ज'विषयी, निर्णय दिला. ग्राहकाच्या बँक खात्यात रक्कम जमा झाल्याची नोंद हाही ताबाच मानावा, असे त्यात मान्य करण्यात आले. आंतरबँक व्यवहारांत नोंदी होण्यास रूढीप्रमाणे जो अल्प विलंब लागतो, तोही क्षम्य मानण्यात आला. मात्र या मधल्या काळात खरेदीदाराने ते चलन पुढे विकू नये, अशी मर्यादाही घालण्यात आली. व्यवहार ऑनलाइन आहे एवढ्याच कारणाने तो निषिद्ध ठरत नाही, हे यावरून स्पष्ट होते. चलन खरोखर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते काय, हा खरा प्रश्न आहे.

'व्याजमुक्त' खात्याच्या आत

परदेशांतून चालविल्या जाणाऱ्या ऑनलाइन चलन-मंचांवर सामान्यतः असे घडते. समजा, ग्राहकाने 1,000 डॉलर अनामत ठेवली. दलाल त्यास शंभरपट पत देतो, म्हणजे ग्राहक 1,00,000 डॉलर मूल्याचा सौदा करू शकतो. भाव अनुकूल दिशेने एक टक्का सरकला तर रक्कम दुप्पट होते. प्रतिकूल दिशेने एक टक्का सरकला तर सारी अनामत बुडते. चलनबाजारात एक टक्क्याची हालचाल ही मुळीच दुर्मीळ घटना नव्हे.

हजर बाजारातील सौद्याची पूर्तता सामान्यतः दोन कामकाजी दिवसांत व्हावयास हवी. परंतु या मंचांवर चलन कोणीच देत-घेत नाही. दररोज सौदा पुढे ओढला जातो आणि दोन चलनांच्या व्याजदरांतील फरक ग्राहकाच्या खात्यात जमा होतो किंवा त्यातून वजा केला जातो. यालाच 'स्वॅप' म्हणतात. मुंबई शेअर बाजारातील जुन्या वाचकांना यावरून 'बदला' पद्धती आठवेल. तेथेही सौदा पुढील खेपेस ओढण्यासाठी पैशाचे मोल द्यावे लागे. 2001 साली ती पद्धती बंद करण्यात आली.

'इस्लामिक खाते' म्हणजे सामान्यतः असे खाते, ज्यात हा स्वॅप आकारला जात नाही. त्याऐवजी अनेक ठिकाणी ठरावीक दिवसांनंतर प्रशासकीय शुल्क लावले जाते किंवा खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर वाढविले जाते. शुल्काचे नाव बदलले, पण ते सौदा जितके दिवस खुला राहील तितके वाढत गेले, तर त्याचे स्वरूप व्याजाहून कितपत निराळे राहिले, असा प्रश्न अभ्यासक विचारतात.

शिवाय व्याज काढून टाकल्यानेही सर्व आक्षेप दूर होत नाहीत. मक्का येथील राबिता संघटनेच्या इस्लामिक फिकह परिषदेने 2006 साली अनामतीवर आधारलेल्या अशा व्यवहारांचा विचार करून ते अवैध ठरविले. सौदा पुढे ओढण्याचे शुल्क हा त्यातील एक आक्षेप होता. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. दलाल ग्राहकास पत देतो, पण सौदा आपल्याच मार्फत करण्याची अट घालतो आणि त्यावर दलाली मिळवितो. म्हणजे कर्ज देणाऱ्यास कर्जाच्या निमित्ताने लाभ झाला. कर्ज आणि विक्री एकमेकांत अशी गुंतविणे इस्लामी विधिशास्त्रास अमान्य आहे. ताब्याविना होणारी चलनविक्री आणि सट्ट्यापायी व्यक्तीची व समाजाची होणारी आर्थिक हानी, यांचाही त्या निर्णयात विचार झाला.

इतर देशांतील निर्णयही याच दिशेचे आहेत. इंडोनेशियातील राष्ट्रीय शरिया मंडळाने 2002 च्या फतव्यात हजर चलन-व्यवहार सट्ट्यासाठी नसेल तर वैध मानला. वायदा, स्वॅप आणि ऑप्शन हे मात्र अवैध ठरविले. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने 2012 साली व्यक्तींनी इलेक्ट्रॉनिक मंचांवर करावयाचा हजर चलन-व्यवहार निषिद्ध असल्याचे घोषित केले. परवानाधारक चलन-विनिमय केंद्रे व बँका यांच्या व्यवहारांना तो निर्णय लागू नाही. प्रवासासाठी, शिक्षणासाठी अथवा हज यात्रेसाठी बँकेतून रियाल वा डॉलर घेणाऱ्या ग्राहकाने त्यामुळे चिंता करण्याचे कारण नाही.

वस्तूंचे वायदे आणि 'सलम'

वस्तूंच्या बाबतीत प्रश्न थोडा निराळा आहे. गहू, खजूर अथवा कापूस विकत घेऊन चढ्या भावाने विकणे हा तर मूळ व्यापारच आहे. मात्र जे आपल्यापाशी नाही ते विकू नये, असा हदीसमधील संकेत आहे. घेतलेला माल ताब्यात येण्यापूर्वी पुढे विकण्याबाबत विधिशास्त्राच्या परंपरांत मतभिन्नता आढळते. हनफी परंपरा जंगम मालाबाबत ताबा आवश्यक मानते. शाफई परंपरा जमिनीसह सर्व मालमत्तेबाबत. तर मालिकी परंपरेत हा निर्बंध मुख्यतः धान्यादी खाद्यवस्तूंपुरता आहे. भारतात बहुसंख्य मुस्लिम हनफी परंपरेचे, तर कोकणी मुस्लिम शाफई परंपरेचे अनुयायी आहेत. त्यामुळे एकाच शाखेतील दोन ग्राहकांना त्यांच्या उलेमांकडून तपशिलात भिन्न उत्तर मिळणे अशक्य नाही.

भविष्यात मिळणाऱ्या मालाचा सौदा सर्वथा वर्ज्य आहे, असेही नाही. मदीनेतील शेतकरी खजुराच्या पुढील एक-दोन वर्षांच्या पिकापोटी आगाऊ पैसे घेत असत. माप, वजन आणि मुदत निश्चित असावी, या अटीवर ही पद्धती मान्य करण्यात आली. हाच 'सलम' करार. त्याचे मर्म एका गोष्टीत आहे : संपूर्ण किंमत करारसमयीच चुकती करावयाची. शेतकऱ्यास पेरणीसाठी भांडवल मिळते आणि खरेदीदारास भावाची निश्चिती.

आधुनिक वायद्यात मात्र मालही पुढे मिळणार असतो आणि किंमतही पुढेच चुकती होणार असते. आज भरली जाते ती केवळ अनामत. दोन्ही बाजू उधार, म्हणजे ऋणाच्या बदल्यात ऋण विकण्याचा हा प्रकार होतो, असा मुख्य आक्षेप आहे. बहुसंख्य सौदे मालाची उचल न होता केवळ भावातील फरक देऊन-घेऊन मिटतात, हा दुसरा आक्षेप. या आधारे आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिकह अकादमीने 1992 साली वस्तुबाजारांतील प्रचलित वायदे व ऑप्शन यांना मान्यता नाकारली. बहारीनस्थित 'आयोफी' ही संस्था इस्लामी वित्तसंस्थांसाठी लेखा व शरिया मानके ठरविते. तिच्या संघटित वस्तुबाजारांविषयीच्या विसाव्या मानकातही हीच भूमिका आहे.

या आक्षेपामागील व्यवहारज्ञान 20 एप्रिल 2020 या दिवशी साऱ्या जगास दिसून आले. कोविड महामारीमुळे खनिज तेलाची मागणी कोसळली होती आणि अमेरिकेतील कुशिंग येथील साठवण-टाक्या जवळजवळ भरल्या होत्या. मे महिन्याच्या वायद्याची मुदत संपत आली असता ज्यांना तेल ठेवण्यास जागा नव्हती, अशा खरेदीदारांनी मिळेल त्या भावाने सौदे विकले. त्या दिवशी वायद्याचा भाव पिंपामागे उणे 37.63 डॉलर असा बंद झाला. त्याच भावाशी जोडलेल्या मुंबईतील मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवरील सौद्याची पूर्तता पिंपामागे उणे 2,884 रुपये या दराने झाली. 100 पिंपांचा एक सौदा कोणी 1,000 रुपये दराने घेतला होता असे समजू. त्याच्या दृष्टीने अधिकाधिक नुकसान एक लाख रुपये होते. प्रत्यक्षात ते 3,88,400 रुपये झाले. या खरेदीदाराकडे टाकी नव्हती, त्याला तेल नको होते आणि ज्याने सौदा विकला त्याच्याकडेही बहुधा तेल नव्हते. 'जे आपल्यापाशी नाही' त्याचा व्यापार म्हणजे काय, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

तथापि, या विषयावर सर्व अभ्यासकांचे एकमत आहे, असे म्हणता येणार नाही. मोहम्मद हाशिम कमाली यांनी 2000 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वायद्यांच्या बाजूने युक्तिवाद केला आहे. मूळ निर्बंधाचा हेतू माल देता न येण्याचा धोका टाळणे हा होता आणि आधुनिक बाजारातील समाशोधन गृह पूर्ततेची हमी घेत असल्याने तो धोका उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मलेशियाच्या रोखे आयोगाच्या शरिया सल्लागार परिषदेने तेथील कच्च्या पामतेलाचे वायदे वैध मानले आहेत. तेथे पामतेल हे देशाचे प्रमुख उत्पादन असून उत्पादकांना भावसंरक्षणाची खरी गरज असते, ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावयास हवी.

सोन्याचा विशेष विचार

सोने ही वस्तूही आहे आणि पूर्वापार चलनही. त्यामुळे त्यास सर्फचे कडक नियम लागू होतात. आयोफीने जागतिक सुवर्ण परिषदेच्या सहकार्याने 2016 साली सोन्याविषयी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार सोने ऑनलाइन खरेदी करण्यास हरकत नाही. मात्र किंमत त्याच वेळी पूर्ण चुकती व्हावी आणि खरेदीदाराच्या नावे निश्चित सोने वेगळे राखले जावे. केवळ भावाशी जोडलेला आणि प्रत्यक्ष सोन्याचा आधार नसलेला कागद या कसोटीस उतरत नाही. सेबीनेही नोव्हेंबर 2025 मध्ये, कोणत्याही नियमनाखाली नसलेल्या 'डिजिटल सोन्या'बाबत गुंतवणूकदारांना सावध केले होते. दोन्ही सूचनांची कारणे वेगळी असली, तरी 'सोने खरोखर आहे काय, आणि कोणाच्या नावे आहे?' हा प्रश्न दोन्हींत समान आहे.

मान्य पर्याय

आयात-निर्यात करणाऱ्यास चलनाच्या चढउतारापासून संरक्षण हवेच असते. त्यासाठी इस्लामी वित्तसंस्था 'वअद' म्हणजे एकतर्फी वचनाचा उपयोग करतात. ठरावीक दिवशी ठरावीक दराने चलन घेण्याचे वचन एक पक्ष देतो. प्रत्यक्ष विक्री त्या दिवशीच, हातोहात होते. अशा संरक्षक करारांसाठी 2010 साली 'तहव्वुत' नावाचा नमुना करारही तयार करण्यात आला. मलेशियात 2009 साली 'बुर्सा सूक अल-सिला' हा वस्तु-मंच सुरू झाला. तेथे खऱ्याखुऱ्या पामतेलाच्या आधारे बँकांचे नफ्यासहित विक्रीचे सौदे होतात.

अशा पर्यायांचीही चिकित्सा होतेच. रोख रक्कम उभी करण्यासाठी वस्तू उधारीवर घेऊन लगेच कमी किमतीस विकण्याची पूर्वनियोजित पद्धती, म्हणजे संघटित 'तवर्रुक', फिकह अकादमीने 2009 साली अमान्य केली. वस्तू केवळ निमित्तमात्र राहते आणि व्यवहार अखेर कर्जाचाच होतो, असे तिचे मत पडले.

भारतीय कायद्याची चौकट

धर्मविषयक समाधान झाले, तरी कायद्याचा प्रश्न उरतोच. 1999 च्या विदेशी चलन व्यवस्थापन कायद्यानुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीस विदेशी चलनाचे व्यवहार केवळ अधिकृत व्यक्तींशी आणि अनुमत प्रयोजनांसाठीच करता येतात. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने व्यवहार करावयाचा असल्यास तो मान्यताप्राप्त शेअर बाजारांवर अथवा रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या मंचांवरच करता येतो. परदेशी मंचावर अनामत भरण्यासाठी उदारीकृत प्रेषण योजनेखाली पैसे पाठविता येत नाहीत. अनधिकृत मंचांची सावधानता सूची रिझर्व्ह बँकेने प्रथम सप्टेंबर 2022 मध्ये प्रसिद्ध केली आणि तीत वेळोवेळी भर घातली आहे. सूचीत एखाद्या मंचाचे नाव नाही म्हणून तो अधिकृत आहे, असे मात्र समजू नये. अशा मंचावर व्यवहार करणारी व्यक्ती स्वतःही कारवाईस पात्र ठरू शकते.

शेअर बाजारातील चलन-वायद्यांबाबत रिझर्व्ह बँकेने 2024 साली स्पष्ट केले की, त्यामागे प्रत्यक्ष चलनजोखीम असणे आवश्यक आहे. मुळात काही देणे-घेणे नसताना केवळ भावावर बोली लावणे अपेक्षित नाही. निराळ्या मार्गाने का होईना, हा विचार इस्लामी विधिशास्त्राच्या विचाराजवळ येऊन पोहोचतो.

ग्राहक व कर्मचाऱ्यांसाठी

'हलाल' हा शब्द विश्वासाचा असल्यामुळे त्याचा दुरुपयोगही होतो. बंगळुरू येथे 2019 साली सोन्याच्या व्यापारातून हलाल नफा देण्याच्या आश्वासनावर उभी राहिलेली एक योजना कोसळली आणि हजारो कुटुंबांची बचत अडकली. त्यांतील अनेकांनी व्याज नको म्हणूनच बँकेतील ठेवी टाळल्या होत्या. सावधगिरीतूनच ते फसवणुकीच्या जाळ्यात सापडले, ही त्यातील खेदाची बाब.

पैसे गुंतविण्यापूर्वी ग्राहकाने पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

1. मंचास भारतातील कोणत्या नियामकाची मान्यता आहे?
2. आपण चलन वा वस्तू खरोखर घेत आहोत, की केवळ भावातील फरक?
3. ती आपल्या नावे केव्हा आणि कोठे जमा होते?
4. आपल्या रकमेपेक्षा मोठा सौदा होत असल्यास उरलेले पैसे कोण देतो, आणि त्याचा मोबदला कोणत्या नावाने घेतो?
5. शरिया-मान्यतेचा दाखला कोणी दिला, आणि त्याने करार पूर्ण वाचला होता काय?
6. जास्तीत जास्त किती नुकसान होऊ शकते, आणि ते भरलेल्या रकमेपुरतेच मर्यादित आहे काय?

कर्मचाऱ्यांनी हलाल-हराम याविषयी स्वतः निर्णय देऊ नये. ते काम उलेमांचे आहे. दिल्ली येथे 1989 साली स्थापन झालेल्या इस्लामिक फिकह अकादमीसारख्या संस्था या विषयांवर विचारविनिमय करीत आल्या आहेत. कर्मचाऱ्याने कराराचे स्वरूप सोप्या शब्दांत उलगडून दाखवावे, प्रेषणाचे प्रयोजन तपासावे आणि संशय आल्यास व्यवहार थांबवून वरिष्ठांस कळवावे. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच ग्राहकास 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करण्यास सांगावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठविली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

खात्यास दिलेले नाव हा व्यवहाराचा दाखला नव्हे. ग्राहकाने कराराचा मसुदा आपल्या विश्वासातील आलिमास दाखवावा आणि मंचाचे नाव आपल्या बँकेत विचारून घ्यावे. दोन्हीकडून होकार आल्यावाचून पैसे पाठवू नयेत.